दारात बुडालेली बोट

जुलैत बंगळुरूला पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा भुरभुरतो. वारा मात्र खरा असतो. पश्चिमेकडून दिवसभर एका दमात वाहतो, गच्चीवरचे कपडे दोरीवर आडवे होतात, दारं आपटतात. इथली माणसं त्याला छान हवा म्हणतात आणि स्वेटर काढतात. समुद्र इथून तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे हा वारा घाट चढून येण्याआधी काय करून आला, याचा विचार करायची गरज कोणाला पडत नाही. अरबी समुद्रावर तो शेकडो मैल पाणी ढकलत येतो आणि मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी त्याच पाण्याच्या लाटा होतात. १७ जुलै १९४७ ला सकाळी साडेआठनंतर थोड्याच वेळात त्या लाटांनी ‘रामदास’ नावाची आगबोट उलटी केली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या वेळी बोट मुंबईपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होती आणि मुंबईला मात्र ही गोष्ट कळायला दुपार उलटून गेली.

बोट बुडाली कशी, याचं उत्तर फारसं अवघड नाही. मला जास्त छळतो तो मधला वेळ. भर सकाळी, देशातल्या एका बड्या बंदराच्या दारात, कित्येक तास कोणाला पत्ता का लागला नाही?

मुंबईहून अलिबागला जायचं तर आज माणूस गाडी काढतो. १९४७ मध्ये वाशीचा पूल नव्हता, तो १९७३ चा. जमिनीने जायचं म्हणजे ठाण्याला वळसा घालून पनवेल, तिथून पेण आणि मग खाली अलिबाग. पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. उलट भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसलं की समोरचं रेवस दीड-दोन तासांत यायचं. म्हणून अलिबाग, रेवदंडा, पोयनाडकडचा चाकरमानी, बाजाराला आलेला वाडीवाला, मासळी विकून परतणारी कोळीण, कोर्टकचेरीला आलेला शेतकरी, सगळे बोटीनेच जायचे. रत्नागिरी-मालवणकडच्या लांब पल्ल्याच्या बोटी मे अखेरीला बंद व्हायच्या आणि पावसाळा सरल्यावर सुरू व्हायच्या. बंदराच्या पोटातल्या फेऱ्या चालू राहायच्या. रेवसची फेरी त्यातली. नकाशावर ती बंदरातलीच वाटते. धक्का सोडून दक्षिणेला निघालेल्या बोटीला मुंबईतल्या कुलाब्याच्या जमिनीचा आडोसा थोडा वेळच मिळतो. तो संपला की उजव्या हाताला बंदराचं उघडं तोंड येतं आणि त्यापलीकडे थेट अरबी समुद्र. रेवसच्या खाडीत शिरेपर्यंत बोटीला ही उघडी बाजू बगलेवर घेत जावं लागतं.

या किनाऱ्यावर बोट चालवण्याचा धंदा मुळात परक्यांच्या हातात होता. शेफर्ड कंपनी, म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, ही त्यातली बडी. याच शेफर्डची ‘वैतरणा’ नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात सापडली आणि सातशे चाळीसहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणायचे. मुंबईत मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलंही तिच्यात होती. ना सांगाडा सापडला, ना प्रेतं. चौकशी झाली तेव्हा जीवरक्षक साहित्य पुरेसं नव्हतं, हे कागदावर आलं. गुजरातेत तिच्यावर गाणी झाली. १८८८ मध्ये बोटीवर बिनतारी नसणं साहजिक होतं, कारण बिनतारी यंत्रच अजून निघालेलं नव्हतं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

स्वदेशीच्या चळवळीने या धंद्यालाही हात घातला. १९०६ मध्ये तमिळनाडूत चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि ब्रिटिश कंपनीने दर पाडून तिला बुडवलं. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी सिंदिया उभी केली, ती टिकली. कोकणात हाच खटाटोप लहान भांडवलावर झाला. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन असं लांबलचक नाव धारण केलेल्या कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. नावातच सगळं आलं: साहेबाची बोट ती त्याची, ही माझी. बोटींची नावंही माणसाच्या तोंडी बसणारी होती, तुकाराम, रामदास, आणि गोव्याकडच्या उतारूंसाठी सेंट अँथनी. देवाधर्माच्या नावाच्या बोटीत बसायला माणूस कचरत नाही, हा व्यापारी हिशेब त्यात होता, आणि भाबडेपणाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच दिवशी, एकाच वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, किनाऱ्यावर बुडाल्या. वीस वर्षांनी ‘रामदास’ गेली तेव्हा जुन्या माणसांना ती तारीख आठवली असणारच.

‘रामदास’ तशी म्हातारी नव्हती. १९३६ मध्ये इंग्लंडात स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली, म्हणजे अवघी अकरा वर्षांची. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, ४०६ टन. बोटीचा टन म्हणजे वजन नव्हे. आत जागा किती आहे, त्याचं ते माप. तुलनेला सांगायचं तर त्याच मुंबईहून आफ्रिकेला जाणारी ‘तिलावा’ दहा हजार टनांची होती. किनाऱ्याच्या बोटीला उथळ बंदरात, खाडीत शिरावं लागतं, म्हणून तिचा तळ पाण्यात फार खोल ठेवून चालत नाही. उतारू भरायचे असतात म्हणून वर मजले चढवावे लागतात. कमी खोली आणि वरचा भार, या दोन गोष्टी एकत्र आल्या की शांत पाण्यात काही बिघडत नाही. ‘रामदास’ला हजाराच्या वर उतारू नेण्याची परवानगी होती, पण ती चांगल्या हवेची. त्या दिवशी तिच्यावर सातशेच्या आसपास माणसं होती, म्हणजे परवान्यापेक्षा कमीच. खच्चून भरली म्हणून बुडाली, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आकडा परवान्याच्या आत होता. परवानाच ज्या हवेसाठी होता ती हवा नव्हती.

गुरुवार होता, आषाढातली अमावास्या, दिव्याची अवस. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, तो लगेच लागणार होता. लोकांच्या बोलण्यात हा दिवस ‘गटारी’चा म्हणून राहिला आहे. पंचांगवाले नाक मुरडतील, कारण अधिक महिना मध्ये आला की गटारी कुठली हा दरवेळचा वाद. पण सणाला घरी जायचं म्हणून मुंबईतली कुलाबकर मंडळी त्या दिवशी गावाकडे निघाली होती, हे खरं. बोटीवर कोळी होते, छोटे व्यापारी होते, पोराबाळांसह निघालेली कुटुंबं होती, काही इंग्रज अधिकारीही होते. वळकट्या, ट्रंका, टोपल्या, छत्र्या. कॅप्टन शेख सुलेमान इब्राहिम. आठच्या सुमारास भोंगा झाला, दोर सुटले, आणि बोट धक्क्यावरून निघाली.

अमावास्येचं एक गणित किनाऱ्यावरच्या पोरालाही येतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. अमावास्या पंधरावी धरा, पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान पूर्ण भरती, आणि ती उधाणाची. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वरही चढतं. आठ-साडेआठ म्हणजे पाणी निम्म्यावर आलेलं, आणि भरतीची ओढ सगळ्यात जोराची असते ती याच वेळी. वर आषाढाचा वारा. धक्क्यावर उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही, तिथं पाणी डबक्यासारखं असतं.

बोट आडोशाच्या बाहेर आली तसा पाऊस धो धो सुरू झाला, वारा वाढला. लाटा उजव्या बगलेवर येऊ लागल्या आणि पाणी बोटीवर चढू लागलं. बोट लागलेली माणसं खाली मान घालून बसलेली, त्यांच्या पायांशी पाणी. इथून पुढचं वाचलेल्या माणसांनी सांगितलेलं आहे, आणि त्यात सगळीकडे एकच गोष्ट येते: घबराट. भिजणारे लोक उठले आणि एका बाजूला सरकले. जीवरक्षक पट्ट्यांसाठी हिसकाहिसकी सुरू झाली. कोणी देवाचा धावा करत होतं, कोणी पोरं कवटाळून बसलं होतं. खलाशी ओरडून सांगत होते, कोण ऐकणार?

या सरकण्याचं वजन किती असेल? पाचशे माणसं उठली आणि एका बाजूला गेली असं धरा. माणशी पन्नास किलो म्हटलं तरी पंचवीस टन. तेवढं वजन काही सेकंदांत नऊ मीटर रुंदीच्या बोटीच्या एका कडेला जाऊन उभं राहिलं. उभं राहिलं हेही महत्त्वाचं. बसलेल्या माणसाचा भार खाली असतो, उभा राहिला की वर जातो, आणि बोटीचा तोल वरच्या भाराला फार सोसत नाही. साधी होडी चालवणारा तांडेल पहिल्यांदा ओरडतो ते ‘खाली बसा’ म्हणून, तो काही शिस्तीचा धडा देत नसतो. त्यात डेकवर आलेलं पाणी. ताटात पाणी घेऊन चालून पाहा, ताट जरा कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ताट आणखी कलतं. बोट कलली, पाणी आणि माणसं कललेल्या बाजूला गेली, त्याने ती जास्त कलली. अशा वेळी पुढच्या लाटेला फारसं काही करावं लागत नाही.

आठ वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमाराला, गल आयलंडजवळ, ज्याला कोळी काशाचा खडक म्हणतात त्या भागात, एक मोठी लाट आली आणि ‘रामदास’ उलटली. बोट खडकावर आदळली असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. खडक जवळ होता म्हणून तो गोष्टीत शिरला. बोट बुडाली ती लाट आणि तोल या दोघांच्या मध्ये सापडून. होड्या सोडायला वेळ मिळाला नाही. खालच्या मजल्यावरची माणसं तिथेच राहिली. जी वर होती ती पाण्यात फेकली गेली, आणि पाण्यात सामान, फळ्या, टोपल्या आणि एकमेकांना धरणारे हात. नऊवारी नेसलेल्या बाईला त्या पाण्यात पाय हलवणंसुद्धा कठीण.

मदत आली ती कोळ्यांकडून. रेवसकडच्या काही होड्या मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांना पाण्यावर माणसं दिसली. होडीत मासळी भरलेली असताना माणसं घ्यायची कुठे? त्यांनी ती पाण्यात लोटून दिली आणि माणसं ओढून घ्यायला सुरुवात केली, असं त्या किनाऱ्यावर सांगतात. सणाच्या तोंडावरची मासळी, तिचे पैसे काय आले असते याचा हिशेब ज्याने धंदा केला आहे त्याला लगेच कळेल. पंच्याहत्तरच्या आसपास माणसं या होड्यांनी वाचवली. त्या समुद्रात होडी माणसाजवळ नेणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बुडणारा माणूस होडीची कड धरून सगळा भार टाकतो, चार-पाच जणांनी एका बाजूने धरलं की होडीही जाते. एकेकाला मागच्या बाजूने, केसांना-बगलेला धरून वर घ्यावं लागतं. बोट बुडवली त्याच तोलाच्या गणिताशी हे लोक तासन्‌तास झगडत होते. काही माणसं फळीला, पट्ट्याला धरून किनाऱ्याला लागली. कॅप्टन आणि त्याचा साहाय्यक वाचले.

मुंबईत या वेळी काय चाललं होतं? काहीच नाही. नेहमीचा पावसाळी गुरुवार होता. बोट धक्क्यावरून सुटली की ती परत येईपर्यंत कंपनीला तिची खबर मिळण्याचा मार्ग नव्हता, कारण ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हतं. पावसाचा पडदा इतका की किनाऱ्यावरून ती दिसणं शक्य नव्हतं. उशीर झाला तर हवा खराब आहे म्हणून झाला, एवढंच कोणी म्हणालं असेल. बोटीला उशीर होणं ही बातमी नव्हती.

इथं मला ‘तिलावा’ आठवते. ती खरी सागरी प्रवासी बोट, ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२४ ची. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून मोंबासा, लॉरेन्सो मार्किस आणि डर्बनकडे निघाली. नऊशे अठ्ठावन्न माणसं, त्यांत बहुसंख्य आफ्रिकेत दुकानदारी-नोकरी करणारी गुजराती कुटुंबं, आणि तळाशी दक्षिण आफ्रिकेच्या टाकसाळीला निघालेली साठ टन चांदी, २,३६४ विटांची. २३ तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला नऊशे मैलांवर, भर समुद्रात, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडेना, तेव्हा काही जण परत चढू लागले, आणि दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसं गेली. पण बोटीच्या बिनतारी खोलीतून मदतीची हाक गेली होती. ती ऐकून ‘बर्मिंगहॅम’ ही ब्रिटिश युद्धनौका आली आणि होड्यांतली, तराफ्यांवरची शेकडो माणसं तिने उचलली. सगळे मिळून ६७८ वाचले. २७ नोव्हेंबरला वाचलेले लोक मुंबईत उतरले.

दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. युद्धाच्या काळात, शत्रूच्या पाणबुडीने, जमिनीपासून शेकडो मैलांवर बुडवलेल्या बोटीतले दहातले सात वाचले. शांततेच्या काळात, मुंबईच्या नजरेच्या टप्प्यात बुडालेल्या बोटीतले बहुतेक सगळे गेले. मध्ये फरक आहे तो मुख्यतः एका खोलीचा, जिच्यात एक यंत्र आणि एक माणूस बसतो. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाली, त्यानंतर जगातल्या बोटींना चोवीस तास बिनतारी ऐकण्याचं बंधन आलं. ते करार देशोदेशीच्या फेऱ्या करणाऱ्या बोटींसाठी होते. भाऊचा धक्का ते रेवस हा काही परदेश नव्हे. दीड-दोन तासांच्या अंतराला यंत्र कशाला, असा विचार करणाऱ्यांच्या डोक्यात पैशाइतकाच अंतराचाही गैरसमज होता. १८८८ मध्ये ‘विजळी’ गुपचूप बुडाली तेव्हा इलाज नव्हता. १९४७ मध्ये होता.

शेवटी खबर आणली ती एका पोराने. अलिबागकडचा, दहा-बारा वर्षांचा मुलगा, जीवरक्षक कड्याच्या आधाराने तरंगत तरंगत दुपार उलटल्यावर गेटवे ऑफ इंडियाजवळ लागला. त्याला बाहेर काढलं, आणि तो जे सांगत होता ते लोकांना समजून घ्यायला काही वेळ लागला असणार: कुठली बोट? सकाळची? सकाळी बुडाली? भरतीच्या पाण्याने त्याला आत आणलं असावं. बाराच्या पुढे ओहोटी लागते, तेव्हा तो कुठे होता आणि पुढचा पल्ला कसा काढला, हे तो मुलगाच जाणे. या शहरात तार होती, टेलिफोन होते, नभोवाणी होती, नौदल होतं, बंदराचे पायलट होते. बातमी आली ती पोहत.

मग धावाधाव झाली. कंपनीच्या कचेरीशी आणि धक्क्यावर माणसांची रीघ लागली. कोण कोण सकाळच्या बोटीने गेलं होतं, हे घरच्यांनाच माहीत. बाहेर पुरती यादी नव्हती. तिकिटांवरून आकडा निघाला, पण तिकिटावर नाव नसतं, कडेवरच्या पोराचं तिकीट नसतं, आणि धावत येऊन चढणारे दोन-चार प्रत्येक फेरीला असतात. म्हणून मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा आढळतो, सहाशे ते सातशेच्या मध्ये. सव्वासहाशे हा सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा. ‘तिलावा’वरच्या चांदीच्या विटा २,३६४ होत्या, एक कमी नाही की जास्त नाही. अडीच किलोमीटर खोलीवरून त्या २०१७ मध्ये वर काढल्या, आणि त्या कोणाच्या यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत भांडण चाललं. ‘रामदास’वरच्या माणसांना अशी मोजदाद लाभली नाही.

पुढचे काही दिवस किनाऱ्यांवर प्रेतं लागत होती. मुंबईच्या चाळींतून आणि अलिबागच्या वाड्यांमधून एकेका घरातले तीन-तीन, चार-चार जण एकदम गेले. ज्या घरातला कमावता गेला, तिथली पुढची पिढी कशी वाढली याची नोंद सरकारी कागदांत नसते.

बातमी मोठी होती, तरी देशाच्या मनात फार दिवस टिकली नाही. त्याचं कारण कॅलेंडर पाहिलं की कळतं. १८ जुलै १९४७ ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर लंडनमध्ये राजाची मोहोर उठली. पंजाब पेटलेला होता, बंगाल धुमसत होता, लाखो माणसं घरं सोडण्याच्या बेतात होती. वर्तमानपत्रांची पानं फाळणीने भरली. पुढच्या महिन्यात, अधिक श्रावण अजून संपायचा होता तेव्हाच, देश स्वतंत्र झाला. माझी आगबोट म्हणून जिच्यावर लोकांनी जीव टाकला, ती स्वदेशी बोट स्वराज्याच्या एकोणतीस दिवस आधी गेली. स्वदेशीने बोटीच्या भाड्यात साहेबाशी टक्कर दिली, ती द्यायलाच हवी होती. पण सुरक्षिततेच्या बाबतीत ती साहेबाच्याच वळणाने गेली. ‘विजळी’च्या चौकशीतून जे शिकायचं ते कोणीच शिकलं नव्हतं, गोरा मालक असो की आपला.

मागाहून बदल झाले ते दोन. प्रवासी बोटींना बिनतारी सक्तीची झाली, आणि पावसाळ्यात उघड्या पाण्यातून उतारू नेण्यावर बंधनं आली. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाकडी लाँचा मे अखेरीला थांबतात आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. दरवर्षी त्या बंद झाल्या की अलिबागकर कुरकुरतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. तिच्या वरच्या मजल्यावर काचेआड बसून माणसं वडापाव खात असतात, आणि बोट जिथून जाते त्या पाण्याकडे बघून सेल्फी काढतात. त्यांनी तसं करू नये असं माझं म्हणणं नाही. समुद्र पार करणं साधं वाटावं, यासाठीच तर एवढा खर्च केला.

पण १८ डिसेंबर २०२४ ला, पावसाळा नसताना, आकाश स्वच्छ असताना, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ नावाच्या फेरीबोटीवर नौदलाची एक वेगवान बोट चाचणी चालू असताना येऊन आदळली. पंधरा माणसं गेली. बोटीवर शंभराहून अधिक माणसं होती, परवान्यापेक्षा जास्त, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. या वेळी खबर आणि मदत दोन्ही लवकर पोचल्या. गेटवेहून बोटीत बसणाऱ्या प्रत्येक उतारूने जॅकेट घातलंच पाहिजे, असा आदेश त्याच आठवड्यात निघाला, ‘रामदास’ बुडाल्याला सत्त्याहत्तर वर्षं उलटून गेल्यावर. मांडव्याला किंवा घारापुरीला जाल तेव्हा ते नारिंगी जॅकेट उकाड्याचं आणि कळकट वाटेल. तरीही घाला, आणि बोट हलायला लागली की बसून राहा.